बायोनचा शिक्का

ही गोष्ट सहसा सायकलींपासून सांगतात. १२ जून १९४० ची पहाट. जर्मन फौजा पॅरिसच्या वेशीशी आलेल्या. एक ज्यू जोडपं सुटे भाग जुळवून तयार केलेल्या दोन सायकलींवर टांग मारून शहराबाहेर पडतं. सोबत थोडं खाणं, कोट आणि एका खोडकर माकडाची रंगीत चित्रं. पुढे ते माकड 'क्युरियस जॉर्ज' या नावाने अमेरिकेतल्या घराघरांत पोचतं. गोष्ट खरी आहे. मुलांना सांगायलाही सोपी, कारण सायकल मुलांना कळते. व्हिसा कळत नाही.

मला मात्र हे प्रकरण व्हिशासाठीच वाचावंसं वाटतं. सायकलींनी हान्स आणि मार्ग्रेट रे यांना पॅरिसहून ऑर्लिआंपर्यंत नेलं, म्हणजे साधारण सव्वाशे किलोमीटर. काही जण सांगतात तसे ते पेडल मारत स्पेनला गेले नाहीत. ऑर्लिआंपासून पुढे त्यांना आगगाडी मिळाली, आणि आगगाडी जिथे संपली तिथून पुढे त्यांना नेलं ते कागदांनी. त्यातला एक कागद देऊ नये असा स्पष्ट सरकारी हुकूम होता. ज्या माणसाने तो हुकूम मोडला त्याचं पुढे जे झालं ते चित्रांच्या पुस्तकात बसणारं नाही.

पासपोर्ट कसा आला

हान्स ऑगुस्टो रायर्सबाख १८९८ साली हॅम्बुर्गमध्ये जन्मला. घरापासून हागेनबेकचं प्राणिसंग्रहालय जवळ, त्यामुळे प्राणी बघणं आणि त्यांची चित्रं काढणं हा लहानपणापासूनचा नाद. पहिल्या महायुद्धात तो जर्मन सैन्यात होता. युद्धानंतर चलन कोसळलं, हाताशी काही राहिलं नाही. १९२० च्या दशकाच्या मध्यात तो ब्राझीलला गेला आणि नातेवाइकांच्या पेढीसाठी ॲमेझॉनच्या काठाकाठाने आंघोळीचे टब विकू लागला. हो, टबच. ज्या नदीत माणसं रोज डुंबतात तिच्या काठावर टब खपवणारा हा विक्रेता फावल्या वेळात माकडांची चित्रं काढत असे.

मार्ग्रेट वाल्डश्टाइनही हॅम्बुर्गचीच, त्याच्याहून जवळपास आठ वर्षांनी लहान. दोन्ही घरांची जुनी ओळख. ती बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकलेली, जाहिराती लिहिलेल्या, फोटोग्राफी केलेली. हिटलर सत्तेवर आल्यावर ज्यू मुलीला तिथे काम उरलं नाही, आणि १९३५ मध्ये तीही रिओ द जानेरोला पोचली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोघांचं लग्न झालं. टब विकण्यापेक्षा तुला चांगलं काही करता येईल, अशी तिची समजूत असावी. दोघांनी मिळून जाहिरात संस्था काढली. पोर्तुगीज बोलणाऱ्यांना 'रायर्सबाख' उच्चारता येईना, म्हणून आडनाव छाटून 'रे' केलं. आणि दोघांनी ब्राझीलचं नागरिकत्व घेतलं.

हे शेवटचं वाक्य चरित्रांत ओझरतं येतं. प्रकरणाचा पाया मात्र तेच आहे. १९३५-३६ मध्ये रिओत राहणाऱ्या, तिथे धंदा करणाऱ्या माणसाने तिथलं नागरिकत्व घेणं ही सोयीची गोष्ट होती, त्यात दूरदृष्टी नव्हती. पण जून १९३७ मध्ये ब्राझीलच्या सरकारने ११२७ क्रमांकाचं गुप्त परिपत्रक काढलं आणि ज्यूंना व्हिसा देऊ नका असं आपल्या दूतावासांना कळवलं. बाहेरून येऊ पाहणाऱ्या ज्यूंसाठी ते दार जवळपास बंद झालं. रे दोघं तेव्हा त्या दाराच्या आत होते, कागदावर तरी. देहाने ते पॅरिसमध्ये होते.

पॅरिसला ते हौसेने गेले होते. मधुचंद्राच्या सहलीत त्यांनी दोन पाळीव मार्मोसेट माकडं बरोबर घेतली. जहाजावर थंडी लागू नये म्हणून मार्ग्रेटने त्यांना स्वेटर विणले. माकडं वाटेतच मेली. दोघं मोंमार्त्रच्या तेरास हॉटेलात उतरले आणि काही आठवड्यांसाठी आलेले हे पाहुणे चार वर्षं तिथून हलले नाहीत. तिथेच मुलांच्या पुस्तकांचं काम सुरू झालं. १९३९ साली गालिमार या मोठ्या फ्रेंच प्रकाशनाने त्यांचं एक पुस्तक काढलं: एकटा पडलेला जिराफ आणि बेघर झालेली नऊ माकडं. त्यातलं एक माकड, फिफी, दोघांना इतकं आवडलं की त्याच्यावर स्वतंत्र पुस्तक करायचं ठरलं.

जर्मन, पण जर्मन नाही

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि फ्रान्सने जर्मनीत जन्मलेल्या पुरुषांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून छावण्यांत डांबायला सुरुवात केली. हिटलरच्या भीतीने पळून आलेले ज्यूही त्यातून सुटले नाहीत. मे १९४० मध्ये बायकांचीही पाळी आली. पिरेनीजच्या पायथ्याची गुर्सची छावणी त्यांनी भरली. हान्सचा जन्म हॅम्बुर्गचा, बोलण्यात जर्मन हेल, पण खिशातला पासपोर्ट ब्राझीलचा. त्या पासपोर्टाने वाचवण्याची ही पहिली वेळ.

संशय मात्र पासपोर्ट बघत नाही. युद्ध सुरू झाल्यावर दोघं काही महिने दक्षिणेत, तुलूझच्या बाजूला, शातो फगा नावाच्या जुन्या गढीत राहायला गेले. गावातल्या लोकांना प्रश्न पडला की हे परक्या हेलाचं जोडपं एवढ्या मोठ्या वाड्यात दिवसभर दार लावून करतं काय? कुणीतरी कळवलं. पोलीस झडतीला आले. खोलीत सापडली ती माकडाची चित्रं. पोलीस निघून गेले.

हा प्रसंग पुष्कळदा हसण्यावारी सांगितला जातो. मला त्यात हसू येत नाही. चित्रांमुळे सुटले म्हणजे पोलीस बरे होते म्हणून सुटले. दुसरा कुणी असता तर चित्रांखाली काय दडवलंय, असंही विचारता आलं असतं.

फिफीच्या पुस्तकासाठी प्रकाशकाने आगाऊ रक्कम दिली होती. लेखकाला मिळणाऱ्या आगाऊ रकमेचं पुढे काय होतं हे लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे, ती घरभाड्यात जाते. या रकमेतून मात्र सुटकेचा खर्च निघाला.

रस्ता

१९४० च्या मे महिन्यात जर्मनीने हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्सवर एकदम हल्ला चढवला. महिन्याभरात आघाडी कोसळली. १० जूनला फ्रेंच सरकारनेच पॅरिस सोडलं. सरकार गेलं म्हटल्यावर लोक थांबतात कशाला! फ्रान्सभरात साठ लाखांहून अधिक माणसं रस्त्यावर आली असं मानतात. गाड्या, घोडागाड्या, हातगाड्या, लहान मुलांच्या ढकलगाड्या, त्यांवर गाद्या आणि पिंजऱ्यातले पक्षी. पेट्रोल संपलं की मोटार रस्त्याकडेला सोडायची आणि चालू पडायचं. आगगाड्यांत पाय ठेवायला जागा नाही.

हान्स सायकलच्या दुकानात गेला तेव्हा धड सायकल शिल्लक नव्हती. त्याने सुटे भाग घेतले आणि दोन सायकली स्वतः जोडल्या. टब विकणारा, चित्रं काढणारा माणूस हे करू शकला याचं मला नवल वाटतं. मला चाकात हवा भरायलाही शेजारी लागतो. १२ तारखेच्या भल्या पहाटे दोघं निघाले. बरोबर भाकरी, चीज, पाणी, हान्सचा पाइप आणि हस्तलिखितं. त्यांत फिफी होता आणि 'व्हाइटब्लॅक' नावाचा एक पेंग्विनही. त्या पेंग्विनचं पुस्तक छापून यायला पुढे साठ वर्षं लागली, २००० साली आलं.

पहिला टप्पा एतांप. मग आकबुई नावाचं खेडं, तिथे एका शेतावर आसरा. मग ऑर्लिआं. १४ तारखेला जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं. दोन दिवसांचं अंतर म्हणजे सायकलींचा खरा हिशेब. सायकली नसत्या तर पॅरिसमधून निघणंच झालं नसतं, हे मी नाकारत नाही.

बोर्डो, घाटावरची इमारत क्रमांक १४

आता ज्याच्यामुळे हे प्रकरण अभ्यासावंसं वाटतं तो माणूस.

अरिस्टिडेस द सोझा मेंडिस. नाव गोव्यातल्या शेजाऱ्याचं वाटावं असं, पण हा पोर्तुगालच्या कबानश द व्हिरियातू गावचा जमीनदार घराण्यातला गृहस्थ. जन्म १८८५ चा, जुळ्यांपैकी एक. जुळा भाऊ सेझर काही काळ देशाचा परराष्ट्रमंत्री होता. कोइंब्राचा कायद्याचा पदवीधर, कट्टर कॅथलिक, मनाने राजेशाहीवादी, चौदा मुलांचा बाप, आणि कायम कर्जात. झांझिबार, ब्राझील, अमेरिका, अँटवर्प अशा नेमणुका करत १९३८ मध्ये तो फ्रान्सच्या बोर्डो शहरात पोर्तुगालचा महावाणिज्यदूत म्हणून आला. कचेरी नदीकाठच्या लुई अठराव्याच्या नावाच्या घाटावर, इमारत क्रमांक १४. वरच घर. बंडखोर म्हणावा असं त्याच्यात काही नव्हतं.

११ नोव्हेंबर १९३९ ला लिस्बनहून परिपत्रक क्रमांक १४ निघालं. काही प्रकारच्या लोकांना वरून परवानगी घेतल्याशिवाय व्हिसा द्यायचा नाही: ज्यांचं राष्ट्रीयत्व स्पष्ट नाही ते, देश नसलेले, रशियन, आणि आपल्या देशातून घालवून दिलेले ज्यू. म्हणजे ज्यांना व्हिसा हवा होता नेमके तेच सगळे. परवानगी मागायची तर तार करायची, उत्तराची वाट बघायची, आणि उत्तर यायचं नाही किंवा नकार यायचा. असा कागद कुठल्याही सरकारात काम केलेल्या माणसाला ओळखीचा वाटेल. तो 'नाही' म्हणत नाही, 'वरून विचारून सांगतो' म्हणतो.

सोझा मेंडिसने हा नियम जून १९४० च्या आधीही मोडला होता. परिपत्रक निघून काही दिवस होतात न होतात तोच त्याने व्हिएन्नाच्या एका ज्यू इतिहासकाराला व्हिसा दिला, नंतर एका स्पॅनिश निर्वासितालाही. लिस्बनहून तंबी आली. त्यामुळे जूनमध्ये तो एका रात्रीत संत झाला, ही मांडणी मला पटत नाही. त्याचा स्वभाव आधीच फायलीत नोंदला गेला होता.

जूनच्या मध्यात बोर्डो माणसांनी फुटू लागलं. बागेत, फुटपाथवर, मोटारींत, वाणिज्यदूताच्या जिन्यावर माणसं झोपलेली. त्यांत पोलंडहून आलेला रब्बी खाईम क्रुगर, बायको आणि मुलांसह. सोझा मेंडिसने त्याला घरात घेतलं, त्याच्या कुटुंबाला व्हिसा देऊ केला. क्रुगरने नकार दिला. बाहेर माझे सगळे लोक आहेत, त्यांना सोडून एकट्याने कसं जाऊ?

या नकाराने दूत आजारी पडला. अक्षरशः. तीनेक दिवस तो खोलीबाहेर आला नाही, कण्हत पडून होता. नैतिक निर्णय माणूस शांत चित्ताने, टेबलाशी बसून घेतो असं आपल्याला वाटतं. इथे तो ताप यावा तसा आला. १७ जूनच्या सुमारास तो उठला, दाढी केली, आणि सांगितलं की यापुढे राष्ट्रीयत्व, वंश, धर्म न बघता मागेल त्याला व्हिसा मिळेल.

त्यानंतर कचेरीचा कारखाना झाला. एक जण पासपोर्ट गोळा करतो, एक शिक्का मारतो, दूत सही करतो, सचिव सेआब्रा नोंद करतो. मुलगे मदतीला, रब्बी क्रुगर जिन्यावरून पासपोर्टांचे गठ्ठे आणतोय, नेतोय. शुल्क घेणं बंद झालं. पूर्ण सही करायला वेळ पुरेना, म्हणून ती आखडत आखडत नुसती 'मेंडिस' झाली. नोंदवही मागे पडत गेली. आज आकड्यांचा वाद होतो त्याचं एक मूळ तिथे आहे.

बायोन

रे जोडप्याचा व्हिसा बोर्डोचा नाही, बायोनचा. ही बारीक गोष्ट आहे, पण माझ्या मते प्रकरणाचा गाभा हाच.

बायोन हे स्पेनच्या सीमेजवळचं शहर, तिथे पोर्तुगालची छोटी वाणिज्य कचेरी. बोर्डोहून लोंढा दक्षिणेला सरकला तसा जिना तिथलाही भरला. तिथला दूत फारिया मशादू नियमाने चालणारा होता. परिपत्रक आहे, तेव्हा व्हिसा नाही. २० जूनच्या आसपास सोझा मेंडिस स्वतः बायोनला आला. हुद्द्याने तो वरचा होता आणि अजून पदावरून काढलेला नव्हता. त्याने वरिष्ठ म्हणून हुकूम दिला: व्हिसे द्या. उपवाणिज्यदूत मानुएल व्हिएरा ब्रागा याने ते काम हाती घेतलं. हान्स आणि मार्ग्रेटच्या व्हिशावर सही ब्रागाची आहे.

म्हणजे वाचवणारा आणि वाचलेले यांच्यामध्ये एक तिसरा हात आहे. हुकूम मोडण्याचा हुकूम वरून आला म्हणून खालच्या माणसाला सही करता आली. आज्ञाधारक नोकरशाहीबद्दल आपण जे वाईट बोलतो ते सगळं खरंच आहे, पण इथे त्याच यंत्राची कळ एका माणसाने उलटी फिरवली आणि यंत्र उलट चाललं. ब्रागाचं श्रेय यात कमी होत नाही. मशादूसमोर बसून सही करणं सोपं नसणार.

पोर्तुगालचा व्हिसा हाती असला की स्पेन आपल्या भूमीतून पुढे जाण्यापुरता ट्रान्झिट व्हिसा देत असे. स्पेनमध्ये राहता येत नव्हतं, फक्त ओलांडता येत होतं. पोर्तुगालचा शिक्का नाही तर स्पेनचा नाही, स्पेनचा नाही तर फ्रान्समध्येच अडकायचं. ब्राझीलचा पासपोर्ट, पोर्तुगालचा व्हिसा, स्पेनचा व्हिसा: एकाच्या मागे एक उभ्या केलेल्या पत्त्यांसारखं.

इथे एक शंका येऊ शकते आणि ती रास्त आहे. रे ब्राझीलचे नागरिक होते. परत जायला देश होता, पासपोर्ट होता, हान्सला पोर्तुगीज येत होतं. परिपत्रकाच्या काळ्या यादीत ते चोख बसत नव्हते. मग शांततेच्या काळात त्यांना नेहमीच्या मार्गानेही व्हिसा मिळाला नसता का? मिळालाही असता, असं मला वाटतं. पण जूनच्या त्या आठवड्यात नेहमीचा मार्गच उरला नव्हता. जिन्यावर हजारो माणसं, खिडकी बंद, आतला दूत तारेच्या उत्तराची वाट बघतोय, अशा कचेरीत पात्र आणि अपात्र दोघंही बाहेरच राहतात. सोझा मेंडिसच्या हुकूमाने अपात्रांना आत घेतलं, आणि त्याचमुळे पात्रांनाही दार उघडं मिळालं.

वेळ किती कमी होता बघा. १७ जूनला फ्रान्सचा नवा पंतप्रधान मार्शल पेतां याने युद्धबंदी मागितली. २२ ला करार झाला. त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे जर्मनीने मागितलेले जर्मन नागरिक फ्रान्सने हवाली करायचे होते. माद्रिदमधला पोर्तुगालचा राजदूत सीमेवर येऊन हे व्हिसे रद्द समजा म्हणून सांगू लागला. २४ जूनला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने सोझा मेंडिसला परत बोलावण्याची तार काढली. म्हणजे हे दार मोजून आठवडाभर उघडं होतं. रे त्या आठवड्यात बायोनला होते. आणि ते तिथे वेळेत होते ते सायकलींमुळे, हेही खरं.

पळू न शकलेल्यांचा आकडा इथे सांगायलाच हवा. १९४२ ते १९४४ दरम्यान फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यूंना पूर्वेकडच्या छावण्यांत पाठवलं. बहुतेक जण परदेशात जन्मलेले, म्हणजे रे यांच्यासारखेच बाहेरून आलेले. परत आले ते अडीच हजारांच्या आसपास.

लिस्बन

लिस्बनहून हान्सने आपल्या बँकेला तार केली: थोडक्यात बचावलो, सामान सगळं गेलं, हातात पुरेसे पैसे नाहीत. सामान गेलं, चित्रं मात्र राहिली. जुलैत दोघं जहाजाने रिओला गेले आणि तिथून ऑक्टोबरच्या मध्यात न्यूयॉर्कला उतरले.

त्या उन्हाळ्यात लिस्बन युरोपातून निसटणाऱ्यांचं शेवटचं बंदर होतं. आपल्याकडच्या वाचकाला हे पचवायला जरा जड जातं, कारण आपण लिस्बन ओळखतो ते दुसऱ्या बाजूने. ज्या सालाझारने परिपत्रक १४ चालवलं, त्याचीच राजवट तेव्हा पणजीतही होती. गोवा मुक्तीसाठी झटणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना त्याच राजवटीने पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. सांगलीचे मोहन रानडे गोवा मुक्त होऊन सात वर्षं झाली तरी लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात होते, सुटले १९६९ च्या जानेवारीत. एकाच शहराजवळ एकाच राजवटीत कुणाला सुटकेचं जहाज मिळालं आणि कुणाला कोठडी.

दूताचं पुढे काय झालं

सोझा मेंडिसवर खातेनिहाय चौकशी झाली. ३० ऑक्टोबर १९४० ला सालाझारने निकाल दिला: वर्षभर अर्ध्या पगारावर कामाविना, त्यानंतर सक्तीची निवृत्ती. रे न्यूयॉर्कला उतरून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते.

पुढची कहाणी हळूहळू खचत जाणाऱ्या घराची आहे. मुलांना देशात शिकणं, काम मिळवणं कठीण झालं, ती एकेक करून परदेशी गेली. एकेकाळी जमीनदाराचं असलेलं हे कुटुंब लिस्बनमध्ये ज्यू समाजाने निर्वासितांसाठी चालवलेल्या अन्नछत्रात जेवायला जाऊ लागलं. तिथे एकदा कुणीतरी सांगितलं की ही पंगत निर्वासितांची आहे. आम्हीही निर्वासितच आहोत, असं त्याने उत्तर दिल्याचं घरची माणसं सांगत. गावचा 'कासा दु पासाल' हा वाडा कर्जापायी गेला. ३ एप्रिल १९५४ ला लिस्बनच्या फ्रान्सिस्कन रुग्णालयात तो वारला.

१९६६ मध्ये याद वाशेम या ज्यू हत्याकांडाची स्मृती जपणाऱ्या इस्रायली संस्थेने त्याला 'राष्ट्रांमधले सत्शील' हा मान दिला. पोर्तुगालच्या संसदेला त्याच्यावरचा डाग पुसायला १९८८ उजाडलं. २०२१ मध्ये लिस्बनच्या राष्ट्रीय स्मारक मंदिरात त्याच्या नावाचा फलक बसला. पडझड झालेला वाडा दुरुस्त होऊन २०२४ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं.

त्याने किती जणांना वाचवलं? तीस हजार, त्यांत दहा हजार ज्यू, हा आकडा सर्रास छापतात. कागदपत्रं तपासणाऱ्या इतिहासकारांना तो फुगवलेला वाटतो. बोर्डोच्या नोंदवहीत जानेवारीपासून २२ जूनपर्यंत २,८६२ व्हिसे आहेत, त्यांतले १,५७५ शेवटच्या बारा दिवसांतले, म्हणजे ११ ते २२ जूनचे. एका व्हिशावर घरची चार माणसंही जात; शिवाय घाईत नोंद न झालेले आणि बायोनचे व्हिसे या वहीत नाहीत. खरा आकडा मधे कुठेतरी आहे. तीस हजार नसतील तर त्याचं काम उणावतं, असं मानणाऱ्यांना मी बायोनची ही एक सही दाखवेन.

माकड

न्यूयॉर्कला आल्यावर हूटन मिफ्लिन या प्रकाशनाने पुस्तकं स्वीकारली. फिफी हे नाव अमेरिकेत नर माकडाला शोभेना, तेव्हा तो जॉर्ज झाला. १९४१ मध्ये पुस्तक आलं. इंग्लंडमध्ये तेव्हा गादीवर राजा सहावा जॉर्ज. उचापती माकडाला राजाचं नाव कसं द्यायचं? म्हणून तिकडे त्याचा झोझो केला. मुखपृष्ठावर नाव होतं फक्त हान्सचं. मुलांच्या पुस्तकांत बायकांची गर्दी आहे, पुरुषाचं नाव उठून दिसेल, असा प्रकाशकाचा हिशेब. शब्दांची निम्मी मालकीण असलेल्या मार्ग्रेटने तो तेव्हा मान्य केला आणि नंतर त्यावर नाराजीही बोलून दाखवली.

या पुस्तकाबद्दल एक मोह सगळ्यांना होतो. जॉर्ज पकडला जातो, जहाजातून समुद्रात पडतो, तुरुंगात जातो, तुरुंगातून निसटतो, फुग्यांना धरून शहरावरून उडतो. म्हणजे ही रे जोडप्याच्याच पळण्याची गोष्ट, नाही का? नाही. चित्रं सायकलवर होती. म्हणजे गोष्ट पळण्याच्या आधीची. ती लिहिली तेव्हा दोघं शातो फगामध्ये पोलिसांची झडती बघत होते किंवा तेरास हॉटेलात आरामात कॉफी पीत होते. फार तर म्हणता येईल की हॅम्बुर्ग सोडलेल्या माणसाला पकडापकडी आणि सुटका आधीपासून ठाऊक होती. आणि जॉर्जला त्याच्या जंगलातून पिशवीत घालून आणणारा पिवळ्या टोपीवाला हा काही सोझा मेंडिस नव्हे. आजच्या वाचकाला ते पान खटकतं, आणि खटकायला हवंच.

रे दोघांनी या प्रवासाचा फारसा गाजावाजा केला नाही. हान्स १९७७ मध्ये गेला, मार्ग्रेट १९९६ मध्ये. त्यांचे कागद मिसिसिपी राज्यातल्या हॅटिसबर्गच्या विद्यापीठात आहेत, आणि त्यांतल्या रोजनिश्यांवरून प्रवासाचे टप्पे २००५ च्या सुमारास लोकांपुढे सविस्तर आले. तोवर बहुतेकांना जॉर्जचे निर्माते म्हणजे अमेरिकेतल्या केंब्रिजमधलं एक हसतमुख म्हातारं जोडपं, एवढंच माहीत होतं.

१९५२ मध्ये, म्हणजे सोझा मेंडिस जाण्याच्या दोन वर्षं आधी, जॉर्जचं तिसरं पुस्तक निघालं. त्यात त्याला नवी सायकल मिळते. वर्तमानपत्रं घरोघर टाकायचं काम त्याच्याकडे येतं. अर्ध्या वाटेवर त्याला ओढा दिसतो, तो सायकल थांबवतो, आणि वाटायच्या सगळ्या कागदांच्या होड्या करून पाण्यात सोडतो.